घाट, गाडी आणि मागचं ओझं

आजचा विषय पुरुषांच्या कट्ट्यावरचा वाटेल, पण तो आलाय आपल्याच गटांच्या बैठकांमधून. घरी इको आहे किंवा अर्टिगा आहे. तिच्यामागे एक लहान कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडली तर चालेल का? पावसाळ्यात माळशेजला आणि विहीगावच्या धबधब्याला माणसांची रीघ लागते. त्यांना राहायला जागा पुरत नाही. मग आपणच खोली तिथे घेऊन गेलो तर? शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या गटांनी हे विचारलं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याच्या पोटात कर्जाचा प्रश्न आहे, आणि गाडी चालवणार आहे ते आपल्याच घरचं माणूस.

राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. २०२३ साली महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, साडेचार लाखांच्या मर्यादेत आणि काही अटींवर, सरकार परत देतं. हे कळल्यावर बायकांच्या डोक्यात कल्पना येणारच. यायलाच हव्यात.

आम्ही उत्तर शोधायला बसलो तेव्हा आधी गाडीची पुस्तिका उघडली, आणि मग बसलो ते आपल्या दोन तालुक्यांचा इतिहास उकलत. कारण ओझं घेऊन घाट चढणं-उतरणं हा इथला दोन हजार वर्षांचा धंदा आहे. दर पिढीत नवीन साधन आलं की लोकांनी विचारलं, हे घाट चढेल का? आणि दर वेळी माणसं अडचणीत आली ती उतरताना.

सुरुवात नाणेघाटापासून करू. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळ त्याची पायवाट सुरू होते. वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची त्यात मोठी यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, नाणी. त्या लेखातले आकडे हे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी मानले जातात. एका राणीच्या लेखातून देशाच्या अंकांचा इतिहास कळतो, ही गोष्ट आपल्या हिशेबनीस बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने नाणेघाटातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे चाक चढत नाही. दगडी पायऱ्या, अरुंद खिंड. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर जायचा. पुढच्या काळात हेच काम लमाणांच्या तांड्यांनी केलं. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या, शेकडो बैल, आणि बरोबर सगळं कुटुंब. कोकणातलं मीठ वर जायचं, देशावरचं धान्य खाली यायचं. गंमत बघा, कॅराव्हॅन हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण इंग्रजीत तो गेला फारसीतल्या ‘कारवान’वरून, आणि त्याचा अर्थ तांडाच. घरदार बरोबर घेऊन घाट ओलांडणारी माणसं आपल्या वाटांवर होतीच. फक्त त्यांचं ओझं बैलाच्या पाठीवर होतं, बैलाच्या मागे नव्हतं.

हा फरक साधा वाटतो, पण सगळा विषय त्यात आहे. पाठीवरचं ओझं जनावराबरोबर थांबतं. मागे जोडलेलं ओझं जनावर थांबलं तरी पुढे येत राहतं.

मग चाकाचा रस्ता आला. १८३० साली बोरघाटात गाडी चढेल असा रस्ता गव्हर्नर माल्कमने खुला केला. आपल्याकडे मुंबई-आग्रा रस्त्यावर थळघाटातून, म्हणजे आपण ज्याला कसाऱ्याचा घाट म्हणतो तिथून, बैलगाड्या जाऊ लागल्या. गोणीचा तांडा हळूहळू मागे पडला आणि लमाणांचा पिढीजात धंदा गेला. पुढे त्यांच्या वाट्याला काय आलं तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

बैलगाडीवर मात्र थोडं थांबू या. आपल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीविषयी जे ठाऊक आहे ते कॅराव्हॅन विकणाऱ्याच्या रंगीत कागदावर क्वचितच असतं. चढावर जू बैलाच्या वशिंडाला टेकतं आणि बैल अंग पुढे टाकून ओढतो. उतारावर उलटं होतं. मागचं ओझं धुऱ्याला पुढे ढकलतं, जू सरकून शिंगांकडे येतं, आणि बैलाला मान मागे ओढून, पाय रोवून गाडी अडवावी लागते. म्हणून गाडीवान उतारावर खाली उतरतो. कुणी चाकाला दगड द्यायला बरोबर चालतो, कुणी मागून दोर धरतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तिथे आजही बैलांचा बाजार होतो. गिऱ्हाईक बैलाचे दात बघतो, खूर बघतो, आणि चालवून बघतो. ताकद किती हा प्रश्न असतोच, पण ओझं मागून लोटू लागल्यावर बैल बुजतो का, हाही असतो.

दुसरा शब्द आहे उलाळ. गाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की धुरा वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून उठतं. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढे भार जास्त झाला तर बैलांच्या मानेवर सगळं येतं आणि माना सोलून निघतात. भात, पेंढा किंवा गवत भरताना गाडी किंचित पुढे झुकती ठेवायची, ही अक्कल आपल्याकडे पोरांना दहाव्या वर्षी येते. शहापूर-मुरबाडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना वर्षानुवर्षं गेलं, तेव्हा गवताची उंचच उंच गाडी वाऱ्यात कशी डोलते हेही आपल्याला नवीन नाही.

आता हेच युरोपातल्या कॅराव्हॅनवाल्यांच्या भाषेत ऐका. ते सांगतात, कॅराव्हॅनच्या वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, आला पाहिजे. कमी आला तर कॅराव्हॅन मागे सापासारखी वळवळू लागते आणि वेग वाढला की पुढच्या गाडीलाही हलवते. जास्त आला तर गाडीचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे ७०० किलोच्या कॅराव्हॅनला हुकावर ३५ ते ५० किलो. त्यांनी हे काटे लावून मोजलं. आपण त्याला उलाळ म्हणत होतो.

थळघाटातली रेल्वे ही या इतिहासातली सगळ्यात मोठी शाळा. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ साली कल्याण, १८५५ साली वासिंद. मग आसनगाव, आणि १ जानेवारी १८६१ ला कसारा. तिथे रेल्वे चार वर्षं थांबली. समोर घाट उभा होता. त्या चार वर्षांत देशावरचा माल बैलगाडीने घाट उतरून कसाऱ्याला यायचा आणि तिथे रेल्वेत चढायचा. १ जानेवारी १८६५ ला इगतपुरीपर्यंतचा मार्ग खुला झाला. जेमतेम १५ किलोमीटरचा हा तुकडा, पण त्यात १३ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल आणि जवळजवळ ३०० मीटरची चढण. मार्ग आखला मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली. बाजूच्या बोरघाटात तर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे नेलं. बाईला कंत्राटातलं काय कळतं, असं तेव्हाही कुणी म्हटलंच असेल.

थळघाटात सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर चाललं की एक मीटर वर. रस्त्यावर हा चढ पायालाही जाणवणार नाही. पण हजार टनांची गाडी अशा चढावर उभी असेल तर सुमारे २७ टनांच्या जोराने ती खाली ओढली जात असते. एक इंजिन पुरत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. कसारा लोकलने जाणाऱ्या आपल्या बायकांनी ती फलाटाशेजारी उभी बघितलीच आहेत. ती मागून लोटतात. त्यांचं दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. मध्येच डब्यांची जोडणी तुटली तर मागचे डबे घरंगळत खाली जाऊ नयेत म्हणूनही ती मागे असतात.

आणि उतरणीसाठी काय केलं बघा. घाटात ठिकठिकाणी फाटे काढले, सुटलेली गाडी धरायचे रूळ. ते मुख्य रुळापासून फुटून चढावर जातात. घाट उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्यावरच तिला सरळ वाट द्यायची, नाहीतर ती आपोआप त्या फाट्यावर जाऊन चढावर थांबावी, अशी रचना. ज्यांनी हे केलं त्यांनी धरूनच चाललं की ब्रेक कधीतरी निकामी होणार. १९३० च्या सुमारास या मार्गावर वीज आली. मगरीसारख्या लांब नाकाची विजेची इंजिनं आली, त्यांच्या आवाजामुळे रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणत. आताची इंजिनं घाट उतरताना आपल्या मोटरी उलट्या कामाला लावून गाडी अडवतात, नुसत्या ब्रेकवर विसंबत नाहीत. मोटारीत आपण उतारावर दुसरा गिअर टाकतो त्यातलाच हा प्रकार.

हे सगळं १५ किलोमीटरसाठी. तेही रुळांवर, जिथे गाडी डावी-उजवीकडे वळवळू शकत नाही.

आता साहेबाच्या कॅराव्हॅनकडे वळू. हौसेखातर चाकांवरचं घर घेऊन फिरायची कल्पना इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने रूढ केली. आरमारातून निवृत्त झालेला हा माणूस. त्याने ‘वाँडरर’ नावाचं लाकडी घर बांधून घेतलं आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत गेला. बरोबर गाडीवान आणि नोकर होते, हे सांगायला हवं. १९०७ साली तिथे कॅराव्हॅन क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅन बनवायला सुरुवात केली. घोडा गेला, मोटार आली, आणि लगेच नियम करायची वेळ आली. तिकडे आजही नवख्याला सांगतात, भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन तुझ्या रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेव. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. त्याखालच्याला ब्रेक नसले तर त्याचं वजन गाडीच्या निम्म्याहून जास्त नको. हे नियम ज्या देशातले आहेत तिथे रस्ते रुंद आहेत आणि वाटेत कसारा नाही.

आपल्याकडे घरची गाडी या अर्थाने व्हॅन आली ती १९८४ च्या शेवटी. मारुती व्हॅन, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, सरकता दरवाजा. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, भाजीच्या जाळ्या, सगळं तिने वाहिलं. त्याआधी आपल्या खेड्यांना टेम्पो माहीत होता. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून जर्मन टेम्पोची तीनचाकी इथे आणली आणि कंपनीचं नाव गाडीच्या जातीचं नाव होऊन बसलं. २०१० साली इको आली, १२०० सीसीची. २०१२ साली अर्टिगा. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली.

या सगळ्या गाड्या लमाणांच्या बैलासारख्या आहेत. ओझं पाठीवर घेणाऱ्या. मागे जोडून ओढण्यासाठी त्या घडवलेल्याच नाहीत. मारुतीच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी माणसं आणि नेहमीचं सामान नेण्यासाठी आहे, ट्रेलर ओढायचा सल्ला आम्ही देत नाही. पुस्तिका गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असते आणि सहसा तशीच राहते. ती काढा आणि आपल्या गाडीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. कर्ज मागायच्या आधी हे एक काम फुकटात होणारं आहे.

तरीही गटातल्या बायका म्हणाल्या, कंपनी काहीही लिहील, आपण हिशेब करून बघू. म्हणून हिशेब केला आणि एका विज्ञान शिक्षिकेकडून तपासून घेतला. इकोचं रिकामं वजन ९४० किलोच्या आसपास. त्यात चार माणसं बसली की धरा १२०० किलो. मागे ७०० किलोंची कॅराव्हॅन, म्हणजे खाट, शेगडी, पाण्याची टाकी धरून अगदी लहान. एकूण १९०० किलो. डोंगरी भागातल्या रस्त्याचा चढ साधारण २० ला १ धरतात, अवघड जागी त्याहून तीव्र. २० ला १ वर एकट्या इकोला ६० किलोचा जोर खाली ओढतो. कॅराव्हॅन जोडली की ९५ किलोचा. यातले ३५ किलो सतत मागून लोटत असतात, वळणावरसुद्धा.

हा जोर ब्रेकने अडवला की त्याची उष्णता होते. इगतपुरी ते कसारा ३०० मीटर उतरताना एकट्या भरलेल्या इकोत जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात नळाचं १२ लिटर पाणी उकळेल. कॅराव्हॅनसकट १९ लिटर. म्हणजे एक मोठा हंडा. इंजिन आणि वारा त्यातला काही भाग घेतात, पण बाकी सगळी आच चाकांमधल्या ब्रेकवर. ते ब्रेक इकोच्या स्वतःच्या वजनासाठी, म्हणजे भरून दीड टनाच्या आसपास, बनवलेले. ब्रेक फार तापले की पकड सुटते, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. माळशेजचा उतार तर यापेक्षा मोठा आहे.

चढ जमेल का? रिकाम्या रस्त्यावर, कोरड्या दिवशी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इको चढून जाईलही. आणि हीच फसगत आहे, कारण चढली म्हणजे जमलं असं वाटतं. अर्टिगाचं इंजिन जास्त ताकदीचं आणि गाडी जड, पण तिची ओढ पुढच्या चाकांत आहे. चढावर भार मागे सरकतो, त्यात हुकावरचं ओझं मागचं बूड दाबतं, आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरू शकतात. इकोची ओढ मागच्या चाकांत, त्या बाबतीत ती बरी. पण ती अरुंद आणि हलकी. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं ते बघायला लोक जातात. तोच वारा माळशेजच्या वळणावर उभ्या भिंतीसारख्या कॅराव्हॅनवर आदळणार आहे.

कुणीतरी ट्रॅक्टरचं उदाहरण देणार, म्हणून तेही बोलू. ट्रॅक्टर चार टनांची ट्रॉली ओढतो, मग इको पाऊण टन का ओढणार नाही? ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो, त्याचे गिअर रांगणारे असतात आणि तो सायकलच्या वेगाने जातो. आणि खरं सांगायचं तर ट्रॉलीतून वऱ्हाड नेण्याचा आपला रिवाज काही सुरक्षिततेचा नमुना नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. त्या उलटतात तेव्हा त्यात बायका आणि पोरंच जास्त असतात.

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलं आहे. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा विमा. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून हुक बसवला आणि निघालो असं चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. पर्यटनासाठी भाड्याने द्यायची तर पर्यटन संचालनालयाकडची नोंदणीही लागते.

तर आमचं मत असं झालं. घरची इको किंवा अर्टिगा मागे कॅराव्हॅन लावून कसारा किंवा माळशेज चढवण्या-उतरवण्यासाठी योग्य नाही, आणि त्या हिशेबावर कुठल्याही गटाने कर्ज घेऊ नये. काही जणी नाराज झाल्या. एकीने विचारलं, मग शहरातल्या लोकांनी हौस करायची आणि आपण नुसती भाकरी थापायची का? राग बरोबर आहे. पण राग आला म्हणून उताराचा हिशेब बदलत नाही.

मात्र खोली फिरलीच पाहिजे असं कुठे आहे? लमाणांचा तांडाही पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचा. पर्यटक घाट चढून वर जातात तसे घाटाच्या पायथ्यालाही थांबतात. टोकावडे, वैशाखरे, मोरोशी या पट्ट्यात किंवा विहीगावच्या अलीकडे कुणाच्या मालकीच्या सपाट जागेत कॅराव्हॅन चार महिने उभी ठेवायची, शौचालयाची आणि पाण्याची सोय शेजारी करायची. जागा बदलायची ती वर्षातून दोनदा, सपाटीवरून, आणि ओढायला जड पिकअप भाड्याने घ्यायची, जिच्या कंपनीने ओढायची परवानगी आणि वजनाची मर्यादा लिहून दिलेली आहे. गाडी ओढायला घरची नसली की रोजचा खर्चही कमी. दोन गटांनी असा आराखडा लिहायला घेतला आहे. तिसऱ्याला अजूनही वर माथ्यावरच जायचंय. त्यांना आम्ही स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या कॅराव्हॅनची किंमत काढून आणायला सांगितली आहे. ती ऐकून काय ठरतं बघू.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो, आणि कसाऱ्याच्या डोंगरातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा काढला आहे. घाट टाळायची युक्ती शेवटी तीच निघाली जी रेल्वेने १८६५ साली थोड्या प्रमाणात वापरली होती. पण त्या रस्त्यावर गाड्या ज्या वेगाने जातात त्यात हलक्या गाडीमागची डोलणारी खोली घाटाइतकीच धोक्याची. तिथून टोल भरून आलेला पाहुणा मात्र खाली उतरून आपल्याकडे थांबू शकतो. तो कुठल्या फाट्यावर उतरतो हे आराखड्यात लिहा.

जागेचा कागद, वजनकाट्याची पावती आणि पुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स, एवढं अर्जाला जोडायचं आहे. वजन भाताच्या गिरणीजवळच्या काट्यावर होतं, रिकामं आणि भरलेलं दोन्ही करून घ्या. टाकीत पाणी भरून. विकणारा रिकाम्या खोलीचं वजन सांगतो, आणि २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो असतं.

राहिला प्रश्न ट्रेलर मागे घेण्याचा. पिकअप भाड्याची असली तरी जागेत खोली लावताना आपल्यापैकी कुणीतरी मागे उभं राहून सांगणार आहे. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. बैलगाडी मागे सारताना जू उजवीकडे लोटलं की गाडीचं बूड डावीकडे जातं, तसंच. गटातल्या दोघींकडे चारचाकीचं लायसन्स आहे. भात कापून झालं की एका मोकळ्या खाचरात त्या एका रिकाम्या लहान ट्रॉलीवर सराव करणार आहेत, आणि गाडीवान म्हणून आयुष्य काढलेले एक आजोबा बांधावर बसून बघायला कबूल झाले आहेत.